खुल्या गटातले काका

चहा घ्या आधी, गार होईल. आणि हसायचं असेल तर मध्ये मध्ये हसू नका, शेवटी एकदमच हसा. म्हणजे मला धड सांगता तरी येईल.

चुका माझ्याकडून पुष्कळ झाल्यात. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं चष्म्याचं दुकान. तिथं एकदा एका बाईंच्या हातात मी चुकून त्यांच्या नवऱ्याचा चष्मा दिला. आठ दिवसांनी त्या मुद्दाम सांगायला आल्या की आता फार छान दिसतं. ती चूक मी मुकाट्यानं गिळली. पण ही जी सांगतोय ती गिळता येईना, कारण ती दोनशे माणसांनी बघितली. आणि त्या दोनशेत आमचे आप्पा होते.

माझं वय अठ्ठेचाळीस. लांबचा नंबर उणे पाच. म्हणजे चष्मा काढला की समोर माणूस आहे का पडदा आहे हे विचारूनच कळतं. शिवाय गेली चार वर्षं जवळचंही दिसत नाही. दिवसभर गिऱ्हाइकांना सांगतो, "अहो, चाळिशी लागली म्हणून लाजायचं काय त्यात?" आणि स्वतः मात्र मोबाइल हातभर लांब धरून, मान मागं टाकून वाचतो. सगळ्या अनर्थाचं मूळ ते.

माझा एक मित्र आहे, व्यंकटेश. भवानी पेठेत त्याचे टॉवेलचे माग. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि चिडला की दोन्ही एकदम. त्याच्या नादानं मी सायकल चालवायला लागलो. रोज सकाळी आम्ही दोघं विजापूर रोडनं जायचो, तलावापाशी चहा प्यायचो आणि परत यायचो. पोट होतं तिथंच राहिलं, पण निदान सायकलवाला म्हणून गल्लीत नाव झालं.

तर एक दिवस व्यंकटेशनं मोबाइलवर एक फॉर्म पाठवला. मी फोन केला.

"हे काय बे?"

"सायक्लोक्रॉस. गावाबाहेरच्या माळावर हाय. आपल्यासारख्या हौशी लोकांची शर्यत."

"म्हणजे काय करायचं?"

"सायकलवर बसायचं. मग अडथळा आला की उतरायचं, सायकल खांद्यावर घ्यायची आणि पळायचं. मग परत बसायचं. चिखलातनं, वाळूतनं, टेकाडावरनं."

"कशासाठी?"

 तो म्हणाला, "मजा असती बे. आणि आपल्या गटात तिघंच हायत. तू, मी आणि ते रिटायर्ड सर. पदकं पण तीन. नुसता शेवटपर्यंत पोचलास तरी तुला पदक हाय."

आता मला सांगा, अशी संधी कोण सोडेल? तीन माणसं आणि तीन पदकं. यात हरायला जागाच नव्हती. म्हणजे मला तसं वाटलं.

मी लगेच फॉर्म उघडला. मोबाइल हातभर लांब धरला. दोन गट होते. खुला गट, सहा फेऱ्या. पंचेचाळीस वर्षांवरील गट, तीन फेऱ्या. प्रत्येकापुढं मुगाच्या दाण्याएवढं वर्तुळ. मी 'तीन फेऱ्या' नीट वाचलं, लक्षात ठेवलं, आणि बोट टेकवलं. बोट कुठं टेकलं हे मात्र बघितलं नाही. बघितलं असतं तरी दिसलं नसतं.

त्या दिवसांत आप्पा आमच्याकडे होते. आप्पा म्हणजे माझे वडील. वैरागजवळ आमचं गाव, शेती तिकडंच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी त्यांना सोलापुरात आणलेलं. ऑपरेशन होऊन महिना झाला होता, डोळा छान झाला होता, आणि त्या नव्या डोळ्यानं ते आमच्या घरातल्या भिंतींच्या भेगा मोजत बसले होते.

जेवताना मी त्यांना शर्यतीचं सांगितलं. त्यांनी भाकरी मोडता मोडता सगळं ऐकून घेतलं.

"सायकल खांद्यावर घ्यायची?"

"हो."

"मग तिला नेतूस कशाला? तिला घरी ऱ्हाऊ दे. तू नुसता पळ."

माझी बायको सुनीता पदर तोंडाला लावून आत गेली.

मी म्हटलं, "आप्पा, पदक मिळणार आहे. नक्की." हे बोलायला नको होतं, पण बोललो.

आप्पा पाणी प्यायले. मग म्हणाले, "मी येतो बघाय. डोळा नवा हाय. कायतरी बघाय पायजे."

तुम्हाला म्हणून सांगतो, आप्पा माझं काही बघायला कधीच आले नव्हते. शाळेत असताना धावण्यात माझा तिसरा नंबर आला होता. त्या दिवशी आमच्याकडे तुरीची मळणी होती. संध्याकाळी मी धावत रानात गेलो आणि सांगितलं. आप्पा म्हणाले, "पोरं किती पळत हुती?" मी म्हटलं, "चार." एवढाच आमचा क्रीडाविषयक संवाद. त्यात त्यांचा दोष नाही. रान सोडून पोराचं पळणं बघायला येणारा बाप आमच्या गावात तेव्हा नव्हताच. पण आता येतो म्हणाले, तर मला रात्री झोप लागेना. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी.

रविवारी सकाळी मी, सुनीता आणि आप्पा माळावर पोचलो. मंडप, लाऊडस्पीकर, रंगीत पट्ट्या बांधून आखलेला वेडावाकडा रस्ता. पोरं पण काय, एकेकाच्या पोटऱ्या म्हणजे पिळलेला दोर. रिटायर्ड सर भेटले. बासष्ट वर्षांचे, काटकुळे, अंगात पिवळाधमक शर्ट. पहाटे चारला उठून लिंबूपाणी पिणारा माणूस. त्यांना बघून मी मनात म्हटलं, हे पहिले. मी आणि व्यंकटेश दुसरं-तिसरं वाटून घेऊ.

एका कोपऱ्यात टँकर उभा होता आणि पाइपानं जमिनीवर पाणी सोडलं होतं.

सुनीतानं विचारलं, "हे काय चाललंय?"

"चिखल करतायत. शर्यतीसाठी लागतो."

ती बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिली. आमच्या गल्लीत नळाला पाणी चार दिवसांआड येतं. "यांना आमच्या गल्लीचा पत्ता देऊन ठेवा," ती म्हणाली. "चिखल आम्ही करून देऊ. आधी धुणं धुवून घेऊ, मग त्याच पाण्याचा करू."

तिकडे मंडपात शर्यतीचे नियम सांगत होते. मी तिथं असायला हवं होतं. पण आप्पांना उन्हात बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. मी खुर्ची शोधत फिरलो, एका लिंबाखाली ती टाकली, आप्पांचा काळा चष्मा नीट केला, आणि परत आलो तोवर नियम संपले होते. टेबलावरच्या बाईंनी मोबाइलमध्ये माझं नाव शोधलं आणि लाल आकड्याचा कागद पाठीला लावून दिला. व्यंकटेशच्या पाठीचा आकडा निळा होता, हे मी बघितलं. म्हटलं, लाल संपले असतील.

लाऊडस्पीकर खरखरला. "...गटातले सर्व स्पर्धक रेषेवर या."

सर्व स्पर्धक म्हटल्यावर मी गेलो. रेषेवर वीस-बावीस पोरं. माझ्या दुकानातल्या काउंटरपेक्षाही वयानं लहान. व्यंकटेश दिसेना, सर दिसेनात. म्हटलं, मागच्या रांगेत असतील. सगळ्यांना एकत्र सोडतात आणि निकाल वेगळे लावतात, असा मी माझा मीच निष्कर्ष काढला. माणसाला एकदा हवं ते समजून घ्यायचं असलं की त्याला कोण अडवणार?

शिट्टी झाली. पोरं गेली. नुसती गेली म्हणजे धूळ राहिली आणि मी राहिलो.

पण मला त्याचं काही नव्हतं. त्यांचा गट वेगळा, माझा वेगळा. मी माझ्या चालीनं निघालो. पहिला अडथळा म्हणजे गुडघाभर उंचीच्या दोन आडव्या फळ्या. पोरं त्यावरून हरणासारखी गेली. मी सायकल थांबवली, उतरलो, आधी सायकल पलीकडं ठेवली, मग फळीला धरून एक पाय टाकला, मग दुसरा. बाजूला उभ्या असलेल्या एक बाई म्हणाल्या, "सावकाश काका, घाई नाही." शर्यतीत असा सल्ला मिळालेला मी पहिलाच असेन.

मग चिखल. पुढचं चाक घुसलं, मागचं फिरलं, आणि जे काही उडालं ते थेट चष्म्यावर. मी हातमोज्यानं पुसलं. हातमोज्याला आधीच चिखल. आता उरलंसुरलं दिसत होतं तेही गेलं. मी चष्मा काढला आणि पाठीमागच्या खिशात टाकला.

इथं थोडं थांबतो. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगतोय की बाबांनो, चष्म्याशिवाय गाडी चालवू नका. दुकानात तशी पाटी आहे. आणि मी स्वतः उणे पाच नंबर घेऊन माळावर सुटलो. सगळं जग विरघळल्यासारखं झालं. पट्ट्या, माणसं, लिंब, ढग, सगळं एक. पुढं एक सायकलवाला दिसला. मी जोर लावला, त्याला गाठलं, मागं टाकलं. काय आनंद झाला म्हणून सांगू. नंतर कळलं की ती झाडाला टेकवून ठेवलेली कुणाचीतरी सायकल होती.

मग आलं टेकाड. तिथं सायकल खांद्यावर घेऊन चढायचं. नेमकं त्याच टेकाडाला लागून ते लिंबाचं झाड आणि आप्पांची खुर्ची. मी सायकल खांद्यावर घेतली, चार पावलं चढलो, आणि एकदम सायकल हलकी झाली. वळून बघतो तर मागचं चाक कुणीतरी धरलेलं.

"दे हिकडं," आप्पा म्हणाले. "पंक्चर झाली न्हवं?"

"पंक्चर नाही आप्पा. असंच चढायचं असतं."

"तू दमलायस. सोड. मी वर नेऊन देतो."

शहात्तर वर्षांचा माणूस, महिन्याभरापूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेला, माझी सायकल ओढतोय आणि मी सोडत नाही. शिट्टी गळ्यात घातलेल्या एक मॅडम धावत आल्या. "आजोबा, स्पर्धकाला मदत चालत नाही. बाद करतील त्यांना."

"मी कुटं मदत करतूय?" आप्पा म्हणाले. "माजं पोरगं हाय ते."

  मॅडमनी आप्पांना हाताला धरून पट्टीच्या बाहेर नेलं आणि मी कसाबसा वर गेलो.

पहिली फेरी संपताना मागून कुणीतरी ओरडलं, "काका, डावीकडनं येतोय." एक पिवळा ढग सूं करून निघून गेला. त्याच्या मागं आणखी पाच-सहा. मी उदार मनानं जागा दिली. पोरांचा गट, जाऊ देत.

दुसऱ्या फेरीत फळ्यांच्या जरा पुढं कुणीतरी पट्टीच्या पलीकडून माझ्याबरोबर पळायला लागलं. हात वर करून, ओरडत. आवाजावरून ओळखलं, व्यंकटेश.

"दत्ता, हितं काय करतोस बे? नंतर हाय, नंतर!"

लाऊडस्पीकरवर गाणं लागलेलं, वारा कानात शिरलेला, माझ्या छातीचा भाता सुरू. मला ऐकू आलं ते असं: अंतर हाय, अंतर.

म्हटलं, बघा. अंतर आहे म्हणजे मी पुढं आहे. आणि हा पायी पळतोय, म्हणजे याची सायकल पंक्चर झाली. बिचारा. स्वतःची शर्यत गेली तरी मित्राला धीर द्यायला आलाय. मला भरून आलं. मी त्याच्याकडे बघून अंगठा दाखवला. त्यावर तो तेलुगूत काहीतरी म्हणाला. मराठीत म्हणाला असता तरी मी समजलो असतो असं नाही.

टेकाडावर या वेळी आप्पांनी हात पाठीमागं बांधले होते. मॅडमनी दम दिलेला असणार. पण मी सायकल घेऊन चढायला लागलो तसे तेही पट्टीच्या पलीकडून माझ्या पावलाला पाऊल मिळवत चढायला लागले.

"हितं घसरतंय," ते हळूच म्हणाले. "डाव्या अंगानं ये. आता धोंडा हाय. पाय उचल. हां. बास, आलं वर."

मला खरंच काही दिसत नव्हतं. ते सांगत होते तिथं पाय टाकत गेलो.  मग ते परत खाली जाऊन उभे राहिले.

दुसरी फेरी संपताना पुन्हा तो पिवळा ढग, पुन्हा "काका, डावीकडनं." मी पुन्हा जागा दिली. तिसरी सुरू झाली, म्हणजे माझ्या हिशेबानं शेवटची. वाळूच्या तुकड्यापाशी शिट्टीवाल्या मॅडम उभ्या होत्या. मी श्वास गोळा करून विचारलं, "मॅडम, आमच्या वयाचे बाकीचे कुठं आहेत?"

"तुमच्या वयाचं कोणी नाही काका," त्या म्हणाल्या. "तुम्ही एकटेच."

त्यांनी अगदी खरं तेच सांगितलं होतं. पण मला काय कळलं? व्यंकटेश पंक्चर, सर दमून बसले, उरलो मी. म्हणजे पहिला नंबर. नुसतं पदक नाही, सोन्याचं पदक. आणि आप्पा समोर उभे.

टेकाडाशी आप्पांनी मला थांबवलं. "दत्ता, चष्मा कुटं हाय तुजा?"

"खिशात."

"मग दिसतंय कसं?"

"दिसतंय सगळं."

"व्हय? माज्या हातात किती बोटं हायत सांग."

मी नीट बघितलं. "तीन."

"काठी हाय ती," आप्पा म्हणाले. "जपून जा."

आणि तेवढ्यात घंटा वाजली. शेवटच्या फेरीची घंटा. माझ्यासाठीच, नाही तर आणखी कुणासाठी? माझी तिसरी फेरी निम्मी झाली होती आणि घंटा वाजत होती. सगळं कसं चोख जुळत होतं. मी सायकलवर टांग टाकली आणि जेवढा जीव उरला होता तेवढा पायांत आणला.

शेवटचं वळण घेतलं. पुढं सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना माणसं, टोकाला कमान. आणि मागून चाकांची सळसळ. मान वळवली तर पिवळा रंग.

सर.

पोरांच्या गटातला पिवळा ढग माझ्या डोक्यात आलाच नाही. म्हटलं, सर दमून बसले नव्हते. मागं मागं राहून शेवटी गाठायचा डाव होता. लिंबूपाणी पिणारी माणसं आतल्या गाठीची असतात.

"काका, साइड द्या," मागून आवाज आला.

आता मला सांगा, इथं तरी शंका यायला नको? पण डोक्यात रक्त चढलं होतं. उलट राग आला. बासष्ट वर्षांचा माणूस मला काका म्हणतो? आता तर मुळीच देत नाही. मी रस्त्याच्या बरोबर मधोमध आलो. ते उजवीकडं गेले की मी उजवीकडं. ते डावीकडं, मी डावीकडं.

"आज नाही सर," मी ओरडलो. "आज आमचे आप्पा आलेत."

दोन्ही बाजूंनी माणसं हात हलवायला लागली. "काका! काका!" असा एकच गजर. ती माणसं मला बाजूला व्हायला सांगत होती हे आता कळतं. तेव्हा मला नुसते हलणारे हात दिसत होते आणि नुसतं 'काका' ऐकू येत होतं. आयुष्यात माझ्या नावानं एवढी माणसं कधी ओरडली नव्हती. मी एक हात वर करून त्यांना प्रतिसाद दिला. आणखी जोरात ओरडले. मग मी दुसराही हात वर केला.

दोन्ही हात सोडून सायकल चालवायला मी शाळेत असताना शिकलो होतो. पण तेव्हा चिखल नव्हता आणि पोट नव्हतं. पुढचं चाक आडवं झालं, आणि मी कमानीच्या पाच फूट अलीकडं, रस्त्यावर आडवा, अंगावर सायकल, असा पसरलो.

मग मी वर बघितलं. पिवळा शर्ट धावत येत होता. सायकल खांद्यावर. आणि माझ्यावरून, अगदी फळ्यांवरून जावं तशी, त्यानं झेप घेतली. इतक्या जवळून गेल्यावर मला दिसलं. ते सर नव्हते. वीस वर्षांचा पोरगा होता.

त्याच्या मागून दुसरा आला. तो माझ्यापाशी जरा घुटमळला, मग त्यानंही उडी मारली. मग तिसरा. चौथा येईपर्यंत मी अंग चोरून पडायला शिकलो होतो.

माणसांतून सगळ्यात आधी आले ते आप्पा. खाली वाकले. "लागलं का रं?"

"आप्पा," मी म्हटलं, "मी पहिला आलो का?"

आप्पांनी कमानीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "अजून आलाच न्हाइस," ते म्हणाले. "ऊठ."

मी उठलो. पाच फूट लंगडत गेलो. सायकल खांद्यावर घेऊनच, कारण पुढचं चाक वाकून त्याला असा आउट आला होता की ते फिरेना.

पलीकडं व्यंकटेश कपाळाला हात लावून उभा होता. शेजारी सर. त्यांच्या अंगावर चिखलाचा एक ठिपका नाही.

"कवापासनं ओरडतोय," व्यंकटेश म्हणाला. "आपली शर्यत नंतर हाय म्हणून. अजून सुरू पण झाली नाही बे. तू खुल्या गटात कशाला घुसलास?"

मी खिशातून चष्मा काढला, सुनीताच्या पदराला पुसला आणि पाठीवरचा कागद काढून वाचला. अगदी नीट, हातभर लांब धरून. खुला गट. सहा फेऱ्या. मी केल्या तीन. त्याही, पहिला येणाऱ्याच्या सहा होईपर्यंत.

अर्ध्या तासानं आमच्या गटाची शर्यत सुटली. सर पहिले आले, व्यंकटेश दुसरा. मी सुजलेला गुडघा खुर्चीवर ठेवून, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खात ती बघितली. व्यंकटेश तर सुटण्याआधी म्हणाला होता, "माझी जुनी सायकल घे, नुसती ढकलत चल. तिसरा येशील." पण गुडघा वाकत नव्हता. तिसरं पदक डबीतच राहिलं. मी ते बघून आलो. छान होतं.

तो पिवळ्या शर्टाचा पोरगा मला शोधत आला. मल्लिनाथ नाव त्याचं, अक्कलकोटच्या बाजूचा. घरात कन्नड बोलणारा. मी तोंड लपवायला जागा शोधत होतो. म्हटलं, आता हा बोलणार.

तो खाली बसला आणि माझ्या गुडघ्याला हात लावून बघितला. "लई लागलं का ओ काका?"

"मी तुला अडवलं रे," मी म्हटलं. "माफ कर. मला वाटलं, तू सर आहेस."

"तसं काय नाही ओ. दुसरा माझ्या मागनंच लागला होता. तुमच्यावरनं उडी मारायला तो भ्याला. तेवढ्यातच जिंकलो की ओ मी." आणि जाताना आप्पांच्या पाया पडून गेला. आप्पांनी त्याला विचारलं, "तुजं बा आलं न्हाइत का बघाय?" तो म्हणाला, "नाही ओ, मेंढरं घेऊन लांब गेल्यात." आप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि आपल्या वाटणीची भाकरी त्याला दिली.

इथं संपलं असतं तर मी हा किस्सा कुणाला सांगितलाच नसता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर उघडला. आतल्या पानावर चार कॉलमचा फोटो. मल्लिनाथ हवेत. सायकल खांद्यावर, एक पाय पुढं, चेहरा असा की बघत राहावं. आणि त्याच्या खाली, जमिनीवर, तोंड उघडं टाकून, हात वर केलेला मी. फोटोखाली लिहिलेलं: 'शेवटचा अडथळा लीलया पार करताना विजेता.'

माझं नाव नव्हतं. अडथळ्याचं नाव कोण देतं?

मी पेपर घडी करून गादीखाली सरकवला. आप्पांनी विचारलं, "पेपर आला न्हाय आज?" मी म्हटलं, "सुट्टी आहे त्यांना."  दोन दिवसांनी ते गावाला गेले. मी पेपर टाकून द्यायला गादी उचलली, तर तिथं नव्हता. म्हटलं, सुनीतानं रद्दीत घातला असेल. बरं झालं.

पुढं महिन्याभरानं गावी गेलो. एसटीतून उतरलो तर स्टँडवरच्या चहावाल्यानं हात जोडले. पुढं पिठाच्या गिरणीपाशी दोघं उठून उभे राहिले. एकजण म्हणाला, "या या. गुडघा बरा हाय का?" मला कळेना, यांना माझ्या गुडघ्याचं कुणी सांगितलं.

मारुतीच्या देवळापुढं कट्ट्यावर पाच-सात माणसं बसली होती, माझ्याकडं पाठ करून. मधोमध आप्पा. त्यांच्या हातात तो पेपरातला फोटो. नीट कापलेला, आणि वर प्लास्टिक चढवून आणलेलं. बार्शीला जाऊन करून घेतलेलं असणार, आमच्या गावात ती सोय नाही.

एक पाहुणा वाकून फोटो बघत होता. "ह्यो वर उडालाय त्यो तुमचा पोरगा व्हय?"

"न्हाय," आप्पा म्हणाले. "त्यो अक्कलकोटचा. गुणाचं पोर हाय. खाली आडवा पडलाय न्हवं, त्यो आमचा दत्ता."

पाहुण्यानं फोटो जरा जवळ घेतला, लांब घेतला. मग अगदी जपून विचारलं, "मग ह्यांचा नंबर कितवा आला म्हनायचा?"

आप्पांनी फोटो त्याच्या हातातून काढून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि बंडीच्या खिशात ठेवला.

"नंबराचं मला काय कळत न्हाय," ते म्हणाले. "पर त्याच्यावरनं उडी मारल्याबिगर तितं कुनाचाच नंबर आला न्हाय."